न्यायाधीश श्रेबर यांचा युक्तिवाद

१४ जुलै १९०२ रोजी जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या वरिष्ठ न्यायालयाने डॅनिएल पाउल श्रेबर या मनोरुग्णाला स्वतःचे व्यवहार स्वतः पाहण्याचा हक्क परत दिला. श्रेबर एके काळी याच न्यायालयात न्यायाधीश होते. १८९३ साली पीठाचे अध्यक्ष म्हणून बढती मिळाली आणि थोड्याच दिवसांत त्यांची झोप उडाली, मग आवाज ऐकू येऊ लागले. आधी लाइपझिगला प्राध्यापक फ्लेक्सिग यांच्याकडे आणि १८९४ पासून पिर्ना गावाजवळच्या सोनेनश्टाइन मनोरुग्णालयात त्यांना ठेवलं गेलं. देव आपल्या किरणांनी आपल्याला हळूहळू स्त्री बनवतो आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. दावा चालू असतानाही ती तसूभर हलली नव्हती आणि त्यांनी ती न्यायालयापासून लपवलीही नाही.

तरीही ते जिंकले. कसे जिंकले, हे मला फार मोलाचं वाटतं. मी सांगलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवते. आधारविधानं खरी असली तरी निष्कर्ष त्यांतून निघतोच असं नाही, हे मुलांच्या गळी उतरवण्यात माझं निम्मं वर्ष जातं.

जर्मनीत १९०० सालच्या पहिल्या दिवशी नवी नागरी संहिता लागू झाली. माणूस मनाने आजारी असेल आणि त्या आजारामुळे त्याला स्वतःचे व्यवहार सांभाळता येत नसतील, तरच त्याच्यावर पालक नेमावा, असं तीत म्हटलं होतं. म्हणजे अटी दोन. रुग्णालयाचे प्रमुख डॉ. वेबर पहिली अट सविस्तर सिद्ध करत आणि तिच्यातूनच दुसरी निघते असं धरून चालत. श्रेबर यांनी अपिलात नेमकं इथेच बोट ठेवलं. माझ्या धर्मविषयक समजुतींबद्दल तुम्हाला काय वाटायचं ते वाटो, पण त्यामुळे पैसे, घर, पत्रव्यवहार यांत माझं कुठे चुकलं ते दाखवा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. दाखवण्यासारखं कुणाकडे फारसं काही नव्हतं. उलट वेबर यांच्याच अहवालात नोंद होती, की हे गृहस्थ त्यांच्या घरच्या पंगतीला रोज जेवायला बसतात आणि कायदा, राजकारण, साहित्य यांवर जाणकारीने बोलतात. न्यायालयाने निकालात दोन्ही गोष्टी मान्य केल्या: हा माणूस आजारी आहे याबद्दल शंका नाही, आणि तेवढ्यावरून त्याचा हक्क काढून घेता येत नाही.

हा निकाल मी प्रथम वाचला तेव्हा माझा धाकटा भाऊ घरात येरझाऱ्या घालत होता. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. औषधं सुरू झाली, जेवणात कुणीतरी विष कालवतंय ही भीती ओसरली, तो अन्न घेऊ लागला. त्या औषधांनी त्याचा जीव वाचवला, हे मी कुणापुढेही सांगेन. पण थोड्या दिवसांनी त्याचं नवंच सुरू झालं. बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात, तिथून परत. दोन घास खाल्ले की उठायचा. रात्रीही तेच. ‘ताई, मला बसवत नाही. आतून कुणीतरी ढकलतंय,’ म्हणायचा.

डॉक्टरांना त्याने हेच सांगितलं. त्यांनी दुसरं वाक्य टिपून घेतलं: आतून कुणीतरी ढकलतं. भास वाढले असं ठरलं आणि डोस वाढला. येरझाऱ्याही वाढल्या. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी त्याला साधा प्रश्न विचारला, ‘हे डोक्यात होतं की पायांत?’ तो म्हणाला, ‘पायांत.’ ते अकॅथिसिया होतं. या औषधांचा हा चांगला परिचित दुष्परिणाम आहे, आणि आजारच बळावला असं समजून डोस वाढवला जाण्याचा धोकाही पाठ्यपुस्तकांत दिलेला असतो. डोस कमी केला, सोबत एक गोळी दिली, आणि तो पुन्हा पानावर बसून पूर्ण जेवू लागला.

इथे भाषेचं काय झालं ते पाहा. आपण सगळेच म्हणतो, डोकं फुटायची वेळ आली, पोटात गोळा आला, जीव टांगणीला लागला. ऐकणारा कवटी तपासायला धावत नाही. मनोरुग्ण असं बोलला की मात्र त्याचा शब्द शब्दशः घेतला जातो आणि केसपेपरवर लक्षण म्हणून चढतो. उपमा देण्याची मुभा त्याला उरत नाही. आणि मनाच्या, शरीराच्या आतलं सांगायला उपमेवाचून दुसरं साधन तरी कोणतं?

मिरांडा फ्रिकर या ब्रिटिश तत्त्वचिंतक बाईंनी २००७ साली ‘एपिस्टेमिक इनजस्टिस’ हे पुस्तक लिहिलं. माणूस कोण आहे यावरून त्याच्या सांगण्याची किंमत कमी करणं हा अन्यायाचा एक स्वतंत्र प्रकार आहे, असं त्यांनी मांडलं. फुप्फुसाच्या दुर्धर आजारासह जगणाऱ्या हावी कारेल आणि त्यांचे सहकारी इयन जेम्स किड यांनी तो विचार रुग्णालयात नेला. २०१७ साली मनोविकारतज्ज्ञ पॉल क्रायटन यांच्यासोबत त्यांनी मनोरुग्णांवर वेगळा लेख लिहिला. शरीराच्या रुग्णापेक्षा मनाच्या रुग्णाच्या साक्षीला जास्त कात्री लागते, हे त्यांचं म्हणणं आमच्या घरात मी रोज पाहिलं आहे.

मला मात्र हे वाचताना आपल्या न्यायदर्शनाची आठवण झाली. तिथे शब्द हे प्रमाण आहे, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यातूनही खरं ज्ञान मिळतं. फक्त सांगणारा आप्त हवा. आप्त कोण? वात्स्यायनांचं भाष्य स्पष्ट आहे: ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष कळली आहे आणि जशी कळली तशी सांगायची इच्छा आहे, तो. ही कसोटी ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखीच लागू, असंही ते म्हणतात. त्यात ‘त्या गोष्टीपुरता’ हे गृहीत आहे, आणि माझा सगळा मुद्दा त्यावरच उभा आहे. जेवणात कुणीतरी विष घातलं या बाबतीत माझा भाऊ आप्त नव्हता. पायांत काय होतं याबाबत त्याच्याइतका आप्त त्या खोलीत कुणीच नव्हता.

मनोविकारशास्त्रात ‘इनसाइट’ हा शब्द फार चालतो. आपण आजारी आहोत याची रुग्णाला जाण आहे का, एवढाच त्याचा अर्थ. ती नसणं ही खरीखुरी गोष्ट आहे. आम्ही ती महिनोन्‌महिने अनुभवली. पण तिच्यातून एक सापळा तयार होतो. रुग्ण आजार कबूल करतो, म्हणजे आजार आहे. नाकारतो, म्हणजे इनसाइट नाही, म्हणजे आजार आहेच. कोणत्याही उत्तराने जे खोटं ठरू शकत नाही, त्याला रुग्णाच्या उत्तराचा आधार आहे असं म्हणता येणार नाही. आधार दुसरीकडे शोधायला हवा. चांगले डॉक्टर तो शोधतात. झोप, वजन, वागणं, घरच्यांचं म्हणणं असं सगळं पाहतात. घाईच्या ओपीडीत मात्र ‘इनसाइट नाही’ ही नोंद रुग्णाच्या पुढच्या प्रत्येक वाक्याला चिकटून राहते, मग तो औषधाबद्दल बोलो की भुकेबद्दल.

श्रेबर यांनी १९०३ साली आपल्या आठवणी छापल्या. फ्रॉइडने त्यांना न भेटता, त्या पुस्तकावरूनच १९११ साली आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, आणि पुढे लोक श्रेबरपेक्षा फ्रॉइडचा श्रेबरच वाचू लागले. मूळ पुस्तकात भाषेचं निरीक्षण थक्क करणारं आहे. आवाज अर्धीच वाक्यं बोलून थांबत आणि ती पुरी करायला श्रेबर यांचं मन भाग पाडलं जाई. ही जबरदस्ती त्यांना फार त्रासदायक वाटे. बोलणारे पक्षी पाठ केलेली वाक्यं अर्थ न कळता घोकत, पण सारख्या उच्चाराचे शब्द आले की गडबडत, असं त्यांच्या लक्षात आलं. आवाज दाबायला ते पियानो वाजवत, कविता म्हणत, आकडे मोजत. स्वतःच्या आजाराला इतक्या बारकाईने न्याहाळणाऱ्या माणसाला सरसकट बेभान कसं म्हणायचं?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लुई सास यांनी १९९४ साली विट्‌गेन्श्टाइनच्या तत्त्वज्ञानाच्या उजेडात श्रेबर पुन्हा वाचले. सूर्य माझ्याशी बोलतो, हे श्रेबर ज्या अर्थाने म्हणतात तो ‘बाहेर पाऊस पडतोय’ म्हणतानाचा अर्थ नाही, असं सास यांना वाटतं. असे रुग्ण बहुधा दोन वह्या ठेवतात, एक आतल्या जगाची आणि एक सगळ्यांच्या जगाची. न्यायालयात श्रेबर दुसऱ्या वहीतून बोलत होते, आणि त्यांना दोन्हींतला फरक ठाऊक होता.

आपल्याकडे रुग्णाच्या शब्दाला किती किंमत द्यायची या प्रश्नावर आयुष्य वेचलं ते पुण्याच्या भार्गवी दावर यांनी. त्या आयआयटी मुंबईतून तत्त्वज्ञानाचं संशोधन करून आलेल्या. परमेश्वर भट यांच्यासह १९९५ साली त्यांनी मनोविश्लेषण शास्त्र म्हणून कशावर उभं आहे, यावर पुस्तक लिहिलं. पण त्यांचा प्रश्न ग्रंथालयातला नव्हता. त्यांच्या आईला मनोरुग्णालयांत ठेवलं गेलं होतं आणि ते त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. आईच्या नावाने त्यांनी १९९९ साली पुण्यात बापू ट्रस्ट सुरू केला. २०२४ साली त्या गेल्या. रुग्णाचं म्हणणं कायद्यातही उरलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह शेवटपर्यंत होता, आणि सक्तीने दाखल करण्याच्या तरतुदींना त्यांचा विरोध होता. त्या बाबतीत मी त्यांच्याइतकी पुढे जाऊ शकत नाही. भाऊ अन्नाला शिवत नव्हता ते दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात चौथं कलम आहे. एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं म्हणता येणार नाही, असं ते सांगतं. श्रेबर यांचाच मुद्दा, शंभराहून अधिक वर्षांनी आपल्या कायद्यात. पाचव्या कलमाने आगाऊ सूचना देण्याचा हक्क दिला: पुढे कधी निर्णय घेता येईनासा झाला तर उपचार कसे हवेत, कसे नकोत, आणि आपल्या वतीने कुणी बोलावं, हे बरं असताना लेखी, साक्षीदारांच्या सह्यांनिशी नोंदवून ठेवता येतं. तातडीच्या उपचारांना ती लागू होत नाही, आणि कायद्याने नेमलेल्या पुनरावलोकन मंडळाला तीत बदल करता येतो. पण रुग्णाचा शब्द कागदावर येतो.

माझ्या भावाने गेल्या दिवाळीनंतर आपली आगाऊ सूचना लिहायला घेतली. माझं काम फक्त शुद्धलेखनाचं होतं. पहिल्या परिच्छेदात त्याने त्या औषधाचं नाव लिहून ते पुन्हा नको म्हटलंय, आणि पायांची तक्रार केली तर आधी औषध तपासा असं सांगितलंय. दुसऱ्यात लिहिलंय, की सलग तीन रात्री झोप लागली नाही आणि मी ताईच्या हातचं खायला नकार दिला, तर मी कितीही नाही म्हणालो तरी मला दाखल करा. तेव्हाचं माझं म्हणणं धरू नका, हे धरा. तिसऱ्या परिच्छेदावर, पैशांचे व्यवहार त्या काळात कुणी पाहावेत यावर, आमचं अजून एकमत झालेलं नाही. बँकेचं पुस्तक स्वतःकडेच राहावं असं त्याचं म्हणणं आहे, आणि त्यासाठी त्याने गेल्या आजारपणातल्या नोंदी काढून मला दाखवल्या; एकही पैसा इकडचा तिकडे झाला नव्हता.