भोत परदेशी, डोकं पाटीत

पहाटे साडेचार. वर्सोव्याच्या बंदरावर मावशी रिकामी पाटी पालथी घालून बसल्यात. भरतीबरोबर होड्या खाडीत शिरतात. नाखवा कोळी; खलाशी मात्र आपसांत भोजपुरीत बोलतात. कोळीवाड्यातली शिकलेली पोरं आणखी चार तासांनी मेट्रोने ऑफिसं गाठतील.

पाच. होडीतलं म्हावरं उतरलं की निवड सुरू होते, आणि दिवसाचं सगळं इथेच ठरतं. मोठं पापलेट बर्फाच्या पेटीत, माकुळ दुसऱ्या पेटीत. या पेट्या निर्यातीच्या टेम्पोत चढतात. पापलेट 2023 साली महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. मावशींना विचारलं, घरी शेवटचं कधी केलंत? "सणाला," म्हणाल्या, आणि कोणत्या ते सांगितलं नाही.

आज एक घोळ लागली आहे. तिचा भोत, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, मांसाहून कितीतरी महाग. तो वाळून हाँगकाँगच्या बाजारात जातो. मावशींच्या वाट्याला डोकं आणि तुकडे. भोताचा भाव टेम्पोवाला सांगेल तो. पलीकडे काय मिळतं हे बंदरावर कुणाला ठाऊक नाही. मला ही खरी विषमता वाटते, पैशांआधी माहितीची.

कोळंबीचं दुखणं वेगळं. आपल्या जाळ्यांत कासव सुटून जाण्याची सोय नाही म्हणून अमेरिकेने 2019 पासून भारताची समुद्रात धरलेली कोळंबी घेणं थांबवलं. तिथे जाते ती तळ्यांत वाढवलेली, बहुतांशी आंध्रची. कासव वाचायला हवं, यात वाद नाही. पण जाळं बदलायचा खर्च आणि निसटणारं म्हावरं कुणाच्या खाती, हे विचारायला बंदरावर कुणी आलेलं मावशींना आठवत नाही.

साडेसात. पाटी डोक्यावर, रिक्षा, चार बंगल्याचा बाजार. बोंबील, मांदेली, करंदी यांचे वाटे लागतात.

अकरा. एक तरुण जोडपं येतं. "बोनलेस आहे का? बासा?" मावशी हसतात. बासा मूळचा मेकाँग नदीतला. वर्सोव्यातल्या हॉटेलांत फिश फिंगर म्हणून बऱ्याचदा हाच मिळतो. इथलं पापलेट बाहेर, बाहेरचा बासा इथे. मावशी जोडप्याला बोंबील साफ करून देतात, मधला काटाही काढून. त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. घ्यायला हवेत.

दुपारी दोनला घर, जेवण, अर्धा तास डोळा.

चार. किनाऱ्यावर वलांडीला, म्हणजे मासे वाळवायच्या मांडवाला, सकाळचे बोंबील लटकवलेत, जबड्यात जबडा अडकवून दोन-दोन. मावशी ते फिरवून बघतात, कावळे हाकलतात. मागे काचेचे टॉवर. हे बोंबील कुठल्याच पेटीत जाणार नाहीत. 1 जूनपासून 61 दिवस मासेमारी बंद असते. तेव्हा घर यांच्यावरच चालतं.