आहारविकारांतील अर्धवट सुटणारे उपचार

आहारविकारांसाठी रुग्णालयात दाखल झालेले पुष्कळ रुग्ण उपचार पूर्ण होण्यापूर्वीच निघून जातात. निरनिराळ्या पाहण्यांत हे प्रमाण साधारणतः एकपंचमांशापासून निम्म्यापर्यंत आढळले आहे. याचे खापर रुग्णाच्या हट्टीपणावर फोडण्याचा प्रघात आहे; तो शास्त्रीय दृष्ट्या अपुरा होय.

‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ या विकारात (नावाचा अर्थ भूक नसणे असा असला, तरी भूक बहुधा असतेच) आपला अन्नत्याग रुग्णास कष्टाने मिळविलेली कमाई वाटतो. असा रुग्ण आपणास काहीच त्रास नसल्याचे समाधानाने सांगतो, हे पॅरिसच्या लासेग यांनी १८७३ मध्येच नोंदविले होते. ज्वर कोणासच हवासा नसतो. येथे मात्र वैद्य जे दूर करू पाहतो तेच रुग्णास जपावयाचे असते.

त्यातच उपासमारीचा मनावरही परिणाम होतो. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले, तेव्हा तेही चिडखोर, एकलकोंडे व अन्नाच्याच विचारात गढलेले झाले.

पुढे आहार वाढू लागताच पोट फुगते, पायांवर सूज येते, शरीरात साचलेल्या पाण्यामुळेही वजन झपाट्याने चढते. ज्याचे भय होते तेच समोर उभे राहते. लाभ मात्र उशिरा जाणवतो. अशा वेळी धीर सुटला तर नवल नाही. म्हणून ही लक्षणे तात्पुरती असल्याचे रुग्णास आरंभीच सांगणे अगत्याचे असते. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८० नंतरच्या दशकात विकसित झालेल्या पद्धतीत तर अल्पवयीन रुग्णाच्या भोजनाची जबाबदारी काही काळ आईवडिलांकडेच सोपवितात. जेवावे की न जेवावे हा निर्णय तेथे उपाशी मनावर एकट्याने पडत नाही.