मॅलॉक ‘हो’ म्हणालं, पण मेमरी मिळाली का?

नाशिकहून बोलतोय. हेडफोन घरी राहिला असेल, तर आजचा भाग इथे वाचून घ्या.

मागच्या आठवड्यात माझा सी मधला प्रोग्राम मध्येच बंद पडला. टर्मिनलवर फक्त एक शब्द: ‘किल्ड’. आता गंमत बघा, मी नियमाने वागलो होतो. मॅलॉककडे मेमरी मागितली, नल आलं का ते तपासलं. नल आलंच नव्हतं! मग झालं काय?

आपल्या तपोवनातलं साधुग्राम डोळ्यांसमोर आणा. समजा, कुणाला जागेचा कागद मिळाला. म्हणून लगेच तंबू उभा राहतो का? नाही ना! मॅलॉकचंही तसंच. मोठी मागणी आली की लायब्ररी लिनक्सच्या कर्नलकडे जाते आणि कर्नल नुसते पत्ते देतं. खरी रॅम मिळते ती त्या जागेत पहिल्यांदा काही लिहिल्यावर, एकेक पान करून. एक पान साधारण ४ केबीचं. मागितलेलं सगळं कुणी वापरत नाही, या भरवशावर कर्नल रॅमपेक्षा जास्त कागद वाटतं. सगळ्यांनी एकदम तंबू ठोकले, की कुणाला तरी उठवावं लागतं. त्या दिवशी मला उठवलं.

मग मी चाचणी लिहिली. १ जीबी मागितली. प्रोग्रामने प्रत्यक्ष वापरलेल्या रॅमचा आकडा जवळपास हललाच नाही. मग दर ४,०९६ बाइटांवर एकेक बाइट लिहिला, एकूण २,६२,१४४ वेळा. आकडा १ जीबीपर्यंत चढला. म्हणजे नुसतं नल तपासणं ही अर्धीच चाचणी.

लहान मागण्यांची तऱ्हा वेगळी. ६४-बिट लिनक्सवरच्या जीलिबसीकडे २४ बाइट मागा, २४ च मिळतात. २५ मागा, ४० वापरता येतात! कारण तुकडे १६ च्या पटीत कापले जातात आणि त्यातले ८ बाइट लायब्ररी स्वतःच्या नोंदीला ठेवते. धोका इथेच आहे: सव्विसावा बाइट चुकून लिहिलात, तरी काही बिघडत नाही. चूक दडून बसते आणि दुसऱ्या लायब्ररीवर डोकं वर काढते. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये जीलिबसी नाहीच, बायोनिक आहे. शून्य बाइट मागितले तर? नल द्या किंवा पॉइंटर द्या, सी च्या मानकाला दोन्ही चालतं. त्यामुळे यातल्या कशावरच विसंबू नका.

शेवटचं: ‘नाही’ ऐकायचीही चाचणी करा. यूलिमिटने मर्यादा घाला, मग नल खरोखर येतं. रिअॅलॉकने नल दिलं तरी जुनी जागा तुमचीच असते. पण उत्तर त्याच पॉइंटरमध्ये ठेवलंत, तर तिचा पत्ताच हरवतो. म्हणून आधी दुसऱ्या पॉइंटरमध्ये घ्या.

आज रात्री लॅपटॉपवर करून बघा. पण आधी १ जीबीच मागा हं, आणि उघडी कामं सेव्ह करून! भेटू पुढच्या भागात.