पडद्याआडच्या कार्यप्रणाली

संगणकाचे यंत्र आणि त्यावर चालणारे कार्यक्रम यांच्या मधोमध जी आज्ञावली यंत्र सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत अखंड जागी असते, तिला कार्यप्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. एकाच वेळी चाललेल्या अनेक कार्यक्रमांना प्रोसेसरचा वेळ वाटून देणे, कोणाला किती स्मृती मिळावी हे ठरवणे, साठवलेली माहिती फायलींच्या रूपात लावून ठेवणे आणि कळफलक, पडदा, छपाईयंत्र यांसारख्या उपकरणांशी व्यवहार करणे, ही तिची मुख्य कामे होत. सर्वसामान्य वाचकाला विंडोज, अँड्रॉइड, मॅकओएस, आयओएस आणि फार तर लिनक्स ही नावे ठाऊक असतात. परंतु गेल्या साठ-सत्तर वर्षांत जगभरातील विद्यापीठांत, प्रयोगशाळांत आणि कंपन्यांत अशा शेकडो प्रणाली जन्माला आल्या आणि त्यांपैकी बहुतेकांची नावे संगणकशास्त्राच्या वर्तुळाबाहेर कधी पोहोचलीच नाहीत. त्यांना अयशस्वी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. तथापि, प्रसार आणि प्रभाव या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या प्रणालींच्या इतिहासातून स्पष्ट दिसते.

चांगली प्रणालीही अपरिचित का राहते, याचे कारण तिच्या गुणवत्तेपेक्षा बाजाराच्या रचनेत अधिक आढळते. लोक कार्यप्रणाली विकत घेतात ती तिच्यासाठी नव्हे, तर तिच्यावर चालणाऱ्या कार्यक्रमांसाठी; आणि कार्यक्रम लिहिणारे ज्या प्रणालीचे वापरकर्ते पुष्कळ असतात तिच्यासाठीच लिहितात. त्यामुळे जिच्याकडे वापरकर्ते आहेत तिच्याकडे कार्यक्रम येतात, कार्यक्रम आहेत म्हणून आणखी वापरकर्ते येतात, आणि नव्याने आलेल्या प्रणालीला या चक्रात शिरण्यासाठी फटच सापडत नाही. शिवाय प्रत्येक नव्या उपकरणासाठी प्रणालीला ते ओळखता यावे अशी स्वतंत्र आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, लिहावी लागते आणि हे काम लहान गटाच्या आवाक्याबाहेर जाते.

या इतिहासाचा आरंभ मल्टिक्सपासून करणे योग्य ठरेल. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी १९६०च्या दशकाच्या मध्यावर हा प्रकल्प एकत्रितपणे हाती घेतला. घरोघरी वीज पोहोचते तशी गणनशक्ती अनेकांना एकाच मोठ्या यंत्रातून पुरवावी, अशी त्यामागील कल्पना होती. फोल्डरमध्ये फोल्डर ठेवण्याची, म्हणजे झाडाच्या फांद्यांप्रमाणे पसरत जाणारी फायलींची मांडणी मल्टिक्सने रूढ केली. मात्र प्रकल्प लांबत गेला आणि १९६९ साली बेल लॅब्जने त्यातून अंग काढून घेतले. तेथील केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी त्या अनुभवातून एका लहान, साध्या प्रणालीची उभारणी सुरू केली आणि मल्टिक्सच्या नावावर श्लेष करून तिला युनिक्स हे नाव मिळाले. पुढे युनिक्सच्या कल्पनांवर लिनक्स उभी राहिली, लिनक्सवर अँड्रॉइड उभी राहिली, आणि मल्टिक्सवर चालणारे शेवटचे यंत्र कॅनडातील हॅलिफॅक्स येथे ऑक्टोबर २०००मध्ये बंद झाले, तेव्हा तिच्या वंशजांनी जग व्यापायला सुरुवात केलेली होती.

याहून अधिक बोलके उदाहरण युनिक्सच्या निर्मात्यांनीच पुढे घडवलेल्या प्रणालीचे आहे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन, रॉब पाइक, डेव्ह प्रेसोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्लॅन ९ फ्रॉम बेल लॅब्ज’ या प्रणालीवर काम सुरू केले. हे नाव एड वुड यांच्या एका विज्ञानपटावरून घेतलेले होते. युनिक्स घडली तेव्हा एका मोठ्या यंत्राला अनेक टर्मिनल जोडलेली असत. आता प्रत्येकाच्या टेबलावर स्वतंत्र संगणक आला होता आणि ते सारे जाळ्याने जोडले गेले होते. जुन्या प्रणालीला जाळ्याची जोड ठिगळासारखी लावण्याऐवजी, विखुरलेली यंत्रे मिळून एकच संगणक आहे असे गृहीत धरून रचना मुळापासून नव्याने करावी, असे या गटाने ठरवले.

युनिक्समध्ये उपकरणांनाही फायलीचे रूप देण्याची प्रथा होती. प्लॅन ९ने ती तर्काच्या शेवटापर्यंत नेली. पडदा, माउस, चालू असलेले कार्यक्रम, जाळ्यावरील प्रत्येक जोडणी, हे सारे तिथे फायलींच्या रूपात दिसते आणि फाइल उघडणे, वाचणे, लिहिणे व बंद करणे एवढ्या मोजक्या क्रियांनी हाताळता येते. या फायली जवळच्या यंत्रावर असोत वा दूरच्या, त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची संकेतपद्धती एकच असते आणि तिला ९पी म्हणतात. दुसरी महत्त्वाची कल्पना अशी की चालू असलेल्या प्रत्येक कार्यक्रमाला फायलींच्या झाडाचे स्वतःपुरते वेगळे चित्र दिसू शकते. समजा, एका कार्यालयातील एकच संगणक बाहेरच्या जगाशी जोडलेला आहे. दुसऱ्या संगणकाने त्याची जाळ्याची फाइलशाखा स्वतःच्या झाडावर आणून बसवली की त्यालाही तीच वाट खुली होते, आणि या जोडकामासाठी कोणतीही खास आज्ञावली लागत नाही.

प्लॅन ९ १९९२ साली विद्यापीठांना मिळाली, १९९५ साली तिची विक्री सुरू झाली आणि २००० साली तिची मूळ आज्ञावली खुल्या परवान्याखाली आली. पण तोवर उशीर झाला होता. युनिक्समध्ये उणिवा होत्या, तरी ती लोकांचे काम भागवत होती आणि लिनक्स तर विनामूल्य मिळू लागली होती. अंगवळणी पडलेली सोय सोडून नव्या रचनेकडे वळावे, एवढी निकड कोणालाच भासली नाही. असे असले तरी तिच्या कल्पना मात्र थांबल्या नाहीत. कार्यक्रमाला स्वतंत्र दृश्य देण्याची युक्ती लिनक्सने उचलली आणि आज इंटरनेटवरील मोठ्या सेवा ज्या कंटेनर नावाच्या बंदिस्त कप्प्यांत चालतात, त्यांचा एक आधार तीच आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय केली तेव्हा एकीच्या फायली दुसरीला दाखवण्यासाठी ९पी पद्धतीचाच वापर केला.

प्लॅन ९ची सर्वांत व्यापक देणगी मात्र मराठी वाचकाच्या थेट हाती आहे. संगणक अक्षरे जाणत नाही, केवळ अंक जाणतो. म्हणून प्रत्येक अक्षराला क्रमांक द्यावा लागतो. युनिकोड या जागतिक तक्त्याने १९९१ साली आपल्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्थान दिले आणि त्यासाठी भारतात तयार झालेल्या इस्की या संकेतमानकाचा आधार घेतला. क्रमांक ठरले, तरी ते फायलींत कसे लिहावेत हा प्रश्न उरलाच होता, कारण जुने कार्यक्रम एक अक्षर म्हणजे एक बाइट असे धरून चालत. सप्टेंबर १९९२मध्ये थॉम्पसन आणि पाइक यांनी न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात रात्रीच्या जेवणाच्या वेळी यावर तोडगा आखला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत संपूर्ण प्लॅन ९ त्या पद्धतीवर चालू लागली. हीच यूटीएफ-८ होय.

या पद्धतीत रोमन अक्षराला पूर्वीप्रमाणेच एक बाइट लागतो, त्यामुळे जुन्या फायली जशाच्या तशा चालतात. इतर लिप्यांच्या अक्षरांना दोन ते चार बाइट मिळतात. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. उदाहरणार्थ ‘म’ हे अक्षर २२४, १६४ आणि १७४ या तीन अंकांच्या रूपात साठवले जाते. पहिल्या बाइटवरूनच पुढे किती बाइट येणार हे कळते आणि मधला प्रत्येक बाइट आपण मधला असल्याची खूण बाळगतो, म्हणून मजकुराचा तुकडा कुठूनही वाचायला घेतला तरी पुढच्या अक्षराची सुरुवात अचूक सापडते. एका फॉण्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर, तो फॉण्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन चिन्हांचा ढीग होऊन उघडत असे, तो काळ अनेक मुद्रकांना आणि संपादकांना आठवत असेल. युनिकोड आणि यूटीएफ-८ यांच्या जोडीने ती अडचण दूर केली. आज बहुसंख्य संकेतस्थळे याच पद्धतीने लिहिली जातात. मात्र ती पद्धत पहिल्यांदा ज्या प्रणालीवर चालली, तिचे नाव ती वापरणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक आहे.

कल्पना माणसांबरोबरही प्रवास करतात, हे बीओएसच्या उदाहरणातून दिसते. ॲपलमधून बाहेर पडलेल्या जाँ-लुई गासे यांच्या बी या कंपनीने १९९०च्या दशकात ध्वनी आणि चित्रफिती सहजपणे हाताळणारी ही प्रणाली घडवली. ॲपलने १९९६ साली आपल्या जुन्या प्रणालीला पर्याय शोधताना बीचा विचार केला, परंतु अखेर स्टीव्ह जॉब्स यांची नेक्स्ट ही कंपनी विकत घेतली. बीओएसमध्ये फायलींचे गुणधर्म सूचिबद्ध करून क्षणात शोधण्याची सोय होती. ती रचणारे डॉमिनिक जियांपाओलो पुढे ॲपलमध्ये गेले आणि मॅकवरील स्पॉटलाइट या शोधसुविधेच्या घडणीत सहभागी झाले. मूळ प्रणाली लयाला गेली, तरी २००१ सालापासून स्वयंसेवकांचा एक गट तिची खुली पुनर्रचना करीत आहे आणि ती आता हायकू या नावाने ओळखली जाते.

काही प्रणाली अपरिचित असतात त्या मागे पडल्यामुळे नव्हे, तर त्यांचे काम नजरेआड चालते म्हणून. ॲमस्टरडॅममधील फ्राइये विद्यापीठाचे अँड्र्यू टॅनेनबाम यांनी १९८७ साली विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी मिनिक्स ही छोटी प्रणाली पाठ्यपुस्तकासोबत प्रसिद्ध केली. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्सची सुरुवात केली ती मिनिक्स वापरत असतानाच. दोघांच्या रचनेत मात्र मूलभूत भेद होता. कार्यप्रणालीच्या अंतर्भागाला कर्नल म्हणतात आणि त्यातील चूक संपूर्ण यंत्र बंद पाडू शकते. म्हणून कर्नलमध्ये अत्यावश्यक तेवढेच ठेवून बाकीची कामे वेगवेगळ्या, परस्परांपासून विलग कार्यक्रमांकडे सोपवावीत, असा टॅनेनबाम यांचा आग्रह होता. या रचनेला मायक्रोकर्नल म्हणतात. लिनक्सने वेग आणि सोय पाहून सगळे एकाच कर्नलमध्ये ठेवले आणि बाजारात तीच पुढे गेली. परंतु २०१७ साली असे उघड झाले की इंटेलच्या नव्या संगणकांमध्ये मुख्य प्रोसेसरखेरीज जो लहान नियंत्रक बसवलेला असतो, त्यात मिनिक्सची तिसरी पिढी चालते. विंडोज किंवा लिनक्स वापरणाऱ्या असंख्य लोकांच्या यंत्रात ती त्यांच्या नकळत काम करीत होती.

मायक्रोकर्नलचे मोल सर्वाधिक कळते ते जिथे बिघाड परवडत नाही तिथे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या गॉर्डन बेल आणि डॅन डॉज या दोन विद्यार्थ्यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी क्यूएनएक्स ही प्रणाली घडवली. तिच्यात एखादा ड्रायव्हर कोसळला तर संपूर्ण यंत्र बंद न पडता तेवढाच भाग पुन्हा सुरू करता येतो, आणि ठरावीक काम ठरावीक वेळेतच पूर्ण होईल याची हमी मिळते. अशा प्रणालीला वास्तवकालीन कार्यप्रणाली म्हणतात. २०१० साली तिची मालकी ब्लॅकबेरी बनवणाऱ्या कंपनीकडे गेली. ब्लॅकबेरीचे फोन दिसेनासे झाले, पण क्यूएनएक्स २० कोटींहून अधिक वाहनांत असल्याचे ही कंपनी सांगते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००९ साली याच परंपरेत आणखी एक पाऊल टाकले. त्यांच्या एसईएल४ या मायक्रोकर्नलची आज्ञावली तेव्हा ९,०००पेक्षाही कमी ओळींची होती आणि ती ठरवून दिलेल्या तपशिलाप्रमाणेच वागते, हे त्यांनी गणिती सिद्धतेने दाखवून दिले. इतर प्रणालींबाबत चाचण्या घेऊन विश्वास ठेवावा लागतो. इथे तो सिद्धतेवर उभा आहे.

भारतीय वाचकाचाही अशा अल्पपरिचित प्रणालीशी संबंध आलेला आहे. मोझिला या संस्थेने २०१३ साली स्वस्त फोनसाठी फायरफॉक्स ओएस आणली आणि काही वर्षांतच ती बंद केली. तिच्या खुल्या आज्ञावलीतून कायओएस घडली आणि २०१७ साली आलेल्या जिओफोनमधून ती भारतातील घराघरांत पोहोचली. बटणांच्या त्या साध्या फोनवर इंटरनेट वापरणाऱ्या अनेकांनी एका बंद पडलेल्या प्रकल्पाचे फळ हाताळले, तेही त्याचे नाव न जाणता.

या सर्व उदाहरणांत एक समान धागा आहे. ज्या प्रणालींची मूळ आज्ञावली किंवा त्यांची रचना सांगणारे लेखन इतरांना वाचायला मिळाले, त्यांच्या कल्पना प्रणाली मागे पडल्यावरही जगल्या. म्हणूनच अशा प्रणालींचे जतन हा केवळ जुन्या वस्तूंचा संग्रह ठरत नाही. मल्टिक्सची आज्ञावली २००७ साली खुली झाली, तर प्लॅन ९चे हक्क २०२१ साली तिच्या जोपासनेसाठी स्थापन झालेल्या प्रतिष्ठानाकडे सोपवण्यात आले. मिनिक्स, हायकू आणि एसईएल४ यांच्या आज्ञावल्याही कोणालाही विनामूल्य मिळतात. कोट्यवधी ओळींच्या प्रचलित प्रणाली एका माणसाला पूर्णपणे समजणे अशक्य झाले असताना, या लहान प्रणाली अजूनही वाचून, तपासून आणि मोडून-जोडून शिकता येण्याजोग्या आहेत. संगणक वापरण्यापलीकडे तो समजून घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांच्याइतके चांगले पाठ्यपुस्तक मिळणे कठीण आहे. युनिक्स घडवणाऱ्यांनी आपले पहिले धडे मल्टिक्सकडून गिरवले होते, आणि पुढची प्रणाली घडवणाऱ्यांसाठी ही पुस्तके आता उघडी आहेत.