खजिन्याच्या बेटाची जुनी प्रत

वाडा पाडावयाचे ठरले की कंत्राटदाराच्या आधी रद्दीवाला येतो, हा आपल्या बडोद्याचा आता नेहमीचाच अनुभव झाला आहे. तांब्यापितळेची भांडी, झुंबरे, बिलोरी हंड्या यांचे मोल घरातील मंडळींस ठाऊक असते. पुस्तके मात्र किलोवर जातात. परवा रावपुऱ्यातील एक परिचित गृहस्थ जुन्या उपरण्यात गुंडाळलेले एक पुस्तक घेऊन आमच्याकडे आले. बाकीचे कपाट रद्दीत गेले होते. एवढे एकच पुस्तक त्यांनी मागे ठेवले होते, कारण त्यांच्या पुतण्याने त्यावर ‘१८८३’ हे साल पाहिले होते. पुस्तक होते रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे ‘ट्रेझर आयलंड’. “आजोबांची प्रत आहे. पहिली आवृत्तीच म्हणावयाची की नाही?” असा त्यांचा प्रश्न होता.

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी त्या पुस्तकाची जन्मकथा थोडी सांगावी लागेल.

१८८१ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस स्टीव्हन्सन स्कॉटलंडमधील ब्रेमार येथे राहत होता. बाहेर पाऊस, अंगी खोकला, आणि सोबत लॉइड ऑस्बोर्न हा शाळकरी सावत्र मुलगा. त्याच्या करमणुकीसाठी रंगपेटी घेऊन एका काल्पनिक बेटाचा नकाशा काढला गेला, आणि त्या नकाशातून कादंबरी उगवली. प्रथम तिचे नाव ‘द सी कुक’, म्हणजे जहाजावरचा आचारी, असे होते. ‘यंग फोक्स’ या मुलांच्या साप्ताहिकाचे मालक जेम्स हेंडरसन यांनी ती घेतली, आणि १ ऑक्टोबर १८८१ पासून २८ जानेवारी १८८२ पर्यंत ती क्रमशः छापली गेली. लेखकाचे नाव मात्र ‘कॅप्टन जॉर्ज नॉर्थ’! ती चालू असतानाच, २८ डिसेंबर १८८१ रोजी, इकडे श्रीमंत सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराची पूर्ण मुखत्यारी स्वीकारली. दोहोंचा संबंध काही नाही. पण आपल्याकडे काळ मोजण्याची ही एक सोयीची खूण आहे.

साप्ताहिकात कादंबरीने काही मोठा गवगवा केला नाही. पुढे स्टीव्हन्सनचा मित्र, कवी हेन्ली, याच्या मध्यस्थीने लंडनच्या कॅसेल आणि कंपनीने शंभर पौंड देऊन पुस्तक काढण्याचे मान्य केले. एका पायाचा खलाशी लाँग जॉन सिल्व्हर ज्याच्यावरून सुचला तो हाच हेन्ली. त्याचाही एक पाय आजारपणात गेला होता. १४ नोव्हेंबर १८८३ रोजी पुस्तक पाच शिलिंगांस बाजारात आले. पहिल्या छपाईच्या प्रती सुमारे दोन हजार. ‘यंग फोक्स’चे ते अंक स्वस्त कागदावरचे, मुलांच्या हाती फाटलेले, त्यांचा पूर्ण संच तर पुस्तकाहूनही दुर्मिळ झाला आहे.

आता ओळखीच्या खुणा. प्रथम नाव-पान पाहावे. त्यावर कॅसेलचे नाव व १८८३ हे साल, दोन्ही हवीत. साल मागील बाजूस असेल तर जरा थांबावे. नंतरच्या छपायांत प्रथम प्रकाशनाचे साल इमानदारीने नोंदवलेले असते, आणि नेमके तेच वाचून घरोघरी आशा पालवते. आमच्या स्नेह्यांच्या प्रतीत तसेच होते. ‘प्रथमावृत्ती नोव्हेंबर १८८३’ या ओळीखाली पुनर्मुद्रणांच्या सालांची रांग लागली होती, आणि तिच्यातील शेवटचे साल विसाव्या शतकातले होते. पुतण्याने रांगेतला पहिलाच मानकरी पाहिला.

नाव-पान जमले की त्यासमोर नकाशा आहे का पाहावे. तो तीन रंगांत छापलेला असून त्यावर पातळ कागदाचे आच्छादन असे. या नकाशाचीही एक कथा आहे. मूळ नकाशा कॅसेलकडे पाठविला तो वाटेत कोठे गहाळ झाला तो झालाच. स्टीव्हन्सनला पुस्तक समोर ठेवून, त्यातील सगळे उल्लेख जुळवीत, नव्याने नकाशा सिद्ध करावा लागला. हे काम दीपगृहे बांधणाऱ्या त्याच्या वडिलांच्या कचेरीत झाले, आणि वडिलांनी कॅप्टन फ्लिंटची खोटी सही स्वहस्ते ठोकून दिली. मुलांनी तो नकाशा फाडून खेळावयास न्यावा हे स्वाभाविकच होते, म्हणून नकाशावाचूनच्या प्रती पुष्कळ आढळतात. संग्राहक अशा प्रतीस लंगडी समजतात. सिल्व्हरच्या पुस्तकाला हा शब्द शोभतो, पण किमतीत त्याचा फटका मोठा बसतो.

यापुढचे काम चष्मा लावून करावयाचे. पहिल्या छपाईत काही चुका राहून गेल्या, आणि त्याच आज खुणा म्हणून उपयोगी पडतात. पृष्ठ २ व ७ वर खलाशांच्या गाण्यातील ‘डेड मॅन्स चेस्ट’ हे शब्द साध्या, लहान आद्याक्षरांनी छापले गेले. स्टीव्हन्सनने ते चार्ल्स किंग्जलीच्या प्रवासवर्णनातून घेतले होते, आणि तेथे ते एका बेटाचे नाव आहे. इंग्रजीत विशेषनामास मोठे आद्याक्षर लागते. जुळाऱ्यास ही पेटी वाटली असावी, बेट नव्हे. पृष्ठ ४० च्या शेवटच्या ओळीत ‘व्हेन’, म्हणजे व्यर्थ, हा शब्द हवा तेथे ‘रेन’, म्हणजे पाऊस, पडला आहे. पृष्ठ ६३ च्या सहाव्या ओळीत ‘ए’ हे एकाक्षरी उपपद गळाले आहे, आणि पृष्ठ १९७ वर तिसऱ्या ओळीत ‘वर्स्ट’ऐवजी ‘वर्स’ आहे. पृष्ठ १२७ च्या आकड्यातील सात काही प्रतींत उडालेला, तर काहींत वेगळ्याच वळणाचा दिसतो. पृष्ठ १७८ वरील ‘अपॉर्च्युनिटी’ या शब्दापुढचा पूर्णविराम काही प्रतींत नाही. ही शेवटची दोन लक्षणे प्रतीप्रतीत बदलतात. यंत्र चालू असताना खिळे ढिले होतात, पडतात, पुन्हा बसविले जातात. तेव्हा एका खुणेवर पैज लावू नये, सगळ्या मिळून विचार करावा.

पुस्तकाच्या शेवटी कॅसेलच्या जाहिरातींची आठ पाने असतात. तळाशी बारीक अक्षरांत एक सांकेतिक क्रमांक असतो, त्यातील १०८३ हे अंक म्हणजे ऑक्टोबर १८८३. जुलैची खूण असलेल्याही प्रती सापडतात, कारण बांधणाऱ्याच्या हाताशी जो गठ्ठा असेल तो तो लावी. कापडाच्या रंगावरून मात्र वाद घालू नये. हिरवा, निळा, तपकिरी, लाल, असे अनेक रंग एकाच वेळी वापरले गेले, आणि त्यांत थोरला-धाकटा कोणी नाही. आतील कोरी पाने काळपट रंगाची असतात, ती मूळची असावीत एवढेच.

येथे एक कबुली दिली पाहिजे. तरुणपणी घरातील कॅसेलची एक जुनी सचित्र प्रत आम्ही मोठ्या हौसेने बांधावयास दिली. बांधणाऱ्याने मळके कापड टाकून दिले, जाहिरातींची पाने निरुपयोगी म्हणून काढली, तिन्ही बाजू सफाईने कापल्या आणि तांबडे रेक्झिन चढवून वर सोनेरी अक्षरे घातली. आम्हांस ती फारच आवडली! ती नेमकी कोणत्या सालची होती हे सांगणारे जे काही होते, ते सगळे त्याच्या दुकानाच्या केरात गेले. त्यास दोष कसला द्यावा? सांगणारे आम्हीच होतो.

पहिल्या आवृत्तीपलीकडेही या पुस्तकाचा गोतावळा मोठा आहे. बॉस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्सनी १८८४ मध्ये काढलेली अमेरिकन आवृत्ती मेरिलच्या चित्रांसह निघाली. पुस्तकरूपात चित्रे प्रथम तेथेच आली. पुढे कॅसेलनेच फ्रेंच आवृत्तीतील जॉर्ज रू याची चित्रे घेतली, आणि १८९९ मध्ये वॉल्टर पॅजेटची. १९११ सालची स्क्रिब्नरची आवृत्ती न्यूवेल वायेथच्या रंगीत चित्रांसाठी आजही डोळ्यांत भरते. आमच्या मते नुसते पाहावयाचे असेल तर पहिल्या आवृत्तीपेक्षा हीच घरात असावी. वर्तमानपत्राच्या पानावर असे लिहिले म्हणून संग्राहक रागावतील, पण आंधळा प्यू काठी टेकीत अंधारात उभा आहे ते चित्र एकदा पाहावे आणि मग रागवावे.

आता रावपुऱ्याच्या प्रतीविषयी. तिला बाजारात फारसे मोल येणार नाही, असे आम्ही स्पष्ट सांगितले. गृहस्थांचा चेहरा उतरला. मग आम्ही पहिले कोरे पान उलटून दाखविले. तेथे शाळेच्या बक्षिसाची चिठ्ठी चिकटवलेली होती, तिच्यावर आजोबांचे नाव आणि त्याखाली त्यांनीच पुढे मोडीत लिहिलेल्या दोन ओळी होत्या. घरात मोडी कोणास वाचता येत नव्हते, म्हणून त्यांकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. अडखळत आम्ही त्या लावल्या. बक्षीस मिळाले त्या रात्री पुस्तक कंदिलाशी वाचून संपविले, आणि तेल फुकट जाळल्याबद्दल वडिलांचा मार खाल्ला, असा मजकूर निघाला.

गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, रद्दीवाल्याने गठ्ठे पुढे पाठविले असतील काय? तो मांडवीजवळ बसतो, सोमवारी माल हलवितो, असे आम्हांस ठाऊक होते. त्या दिवशी शनिवार होता. पुस्तक परत उपरण्यात बांधून दोघे लागलीच निघालो.