वैमानिकाने गाणी ऐकावीत काय?

मोटार चालवता चालवता रेडिओ ऐकणारे चालक आपण रोज पाहतो. मालट्रकांचा रात्रीचा प्रवास तर गाण्यांवाचून पुराच होत नाही. मग विमान चालविणाऱ्याने गाणी ऐकली तर बिघडले कोठे? आकाशात ना खड्डे, ना सिग्नल, ना आडवी येणारी गुरे. त्यातून विमान एकदा उंचीवर पोहोचले की बराच वेळ ते स्वयंचालकाच्या ताब्यात असते. अशा वेळी वैमानिकाने दोन घटका संगीत ऐकले तर काय हरकत?

प्रश्न वरवर पाहता गमतीचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर शोधू लागलो की ध्वनिशास्त्र, रेडिओ आणि मानवी मन या तिघांचीही दारे ठोठवावी लागतात. चला, एकेक दार उघडून पाहू.

गाणे जेव्हा वाटाड्या होते

विमानात गाणी ऐकण्याची प्रथा फार जुनी आहे, आणि ती केवळ करमणुकीसाठी नव्हती. विमानात दिशाशोधक नावाचा एक रेडिओ असे. एखाद्या रेडिओ केंद्राकडून येणाऱ्या लहरी कोणत्या दिशेने येत आहेत हे तो दाखवी. यामागचे तत्त्व तुम्हाला घरीच पाहता येईल. मध्यम लहरींचा लहान ट्रान्झिस्टर रेडिओ घ्या, एक केंद्र लावा आणि रेडिओ टेबलावर हळूहळू गोल फिरवा. एका विशिष्ट स्थितीत आवाज एकदम क्षीण होईल. रेडिओच्या आत फेराइटची एक कांडी आणि तिच्यावर गुंडाळलेली तार असते. कांडीचे टोक केंद्राच्या रोखाने आले की लहरीचे चुंबकीय क्षेत्र त्या वेटोळ्यातून जात नाही, म्हणून आवाज पडतो. आवाज कोठे पडतो हे पाहिले की केंद्र कोणत्या रेषेत आहे ते कळते.

विमानांसाठी उभारलेली खास दिशादर्शक केंद्रे असत, पण नेहमीचे नभोवाणी केंद्रही त्या कामी चाले. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी पर्ल हार्बरवर हल्ला केला, तेव्हा त्यांचा नायक मित्सुओ फुचिदा याने होनोलुलुच्या नभोवाणी केंद्रावर चाललेले संगीत पकडले आणि त्या रोखाने आपली विमाने नेली! म्हणजे त्या दिवशी गाणे हे करमणुकीचे साधन नसून होकायंत्र बनले होते.

आज विमानांना उपग्रहांवरून वाट सापडते. गाण्याचे वाटाड्याचे काम संपले. मग उरला प्रश्न केवळ करमणुकीचा.

वैमानिकाच्या कानांची कामे

वैमानिक म्हटला की समोरच्या काचेतून पाहणारे डोळे आपल्याला आठवतात. पण त्याच्या कानांनाही क्षणाची उसंत नसते. जमिनीवरील नियंत्रकाच्या सूचना त्याला रेडिओवरून ऐकायच्या असतात. एकाच वेळी अनेक विमाने त्याच कंप्रतेवर बोलत असतात. त्या गलबल्यातून आपल्या विमानाची हाक तेवढी उचलायची असते. शिवाय सहवैमानिकाचे बोलणे, धोक्याच्या घंटा आणि खुद्द एंजिनाचा आवाज.

ऐकण्यात चूक होऊ नये म्हणून किती काळजी घेतात पाहा. इंग्रजीतील ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ हे आकडे खरखरीत रेडिओवर सारखेच ऐकू येतात. म्हणून वैमानिकांनी ‘फाइफ’ आणि ‘नाइनर’ असे म्हणावे, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. उंची किंवा दिशा सांगितली की ती वैमानिकाने पुन्हा उच्चारून दाखवायची, म्हणजे चूक झाली असेल तर नियंत्रकाच्या लक्षात येते.

एंजिनाचा आवाज ऐकणे हीदेखील एक कलाच आहे. दोन पंख्यांच्या विमानाचे उदाहरण घेऊ. प्रत्येक पंख्याला तीन पाती आहेत. एक पंखा मिनिटाला २००० फेरे घेतो, म्हणजे त्याच्या पात्यांमुळे सेकंदाला १०० ठोके पडतात. दुसरा १९८० फेरे घेत असेल, तर त्याचे ९९ ठोके होतात. दोन्ही आवाज एकत्र आले की सेकंदाला एकदा चढउतार होणारा ‘वूं ऽ वूं ऽ’ असा ध्वनी निर्माण होतो. यालाच भौतिकीत विस्पंद म्हणतात. तंबोऱ्याच्या जोडतारा जुळवताना गवई याच चढउतारावर कान ठेवतो आणि तो नाहीसा होईपर्यंत खुंटी किंवा मणी हलवतो. वैमानिकही विस्पंद थांबेपर्यंत एका एंजिनाची गती सावकाश बदलतो. कानात दुसरेच गाणे वाजत असेल तर हा तंबोरा जुळणार कसा?

८० अधिक ८० किती?

आता थोडे गणित करू. ध्वनीची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. हे माप साध्या बेरजेचे नाही. पातळी १० डेसिबलने वाढली की ध्वनीची तीव्रता दहापट होते. २० डेसिबलने वाढली की शंभरपट. तीव्रता दुप्पट झाली तर पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. म्हणून ८० डेसिबलच्या गोंगाटात ८० डेसिबलचे संगीत मिळवले तर १६० नव्हे, ८३ डेसिबल होतात.

समजा, वैमानिकाच्या कानाशी वाऱ्याचा व एंजिनांचा गोंगाट ८० डेसिबल आहे आणि रेडिओवरील बोलणे ९० डेसिबलला येते. म्हणजे बोलण्याची तीव्रता गोंगाटाच्या दहापट आहे. शब्द नीट कळतील. आता तेथेच ९० डेसिबलचे गाणे लावा. बोलण्याचा वरचष्मा संपला! रेडिओ मोठा करावा तर कानांवर ताण येतो. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास कानी पडणे हीच सुरक्षिततेची सीमा मानतात.

नुसती पातळीच नव्हे, कंप्रताही महत्त्वाची असते. माणसाचे बोलणे समजण्यास साधारणपणे सेकंदाला ३०० ते ३००० कंपनांचा पट्टा पुरेसा होतो, आणि विमानाच्या रेडिओवर जवळजवळ तेवढाच पट्टा येतो. गायकाचा गळा, सतार, बासरी, पेटी यांचे स्वर याच पट्ट्यात भरलेले असतात. एका आवाजाखाली दुसरा झाकला जाण्याच्या या क्रियेला ध्वनीचे आच्छादन म्हणतात. त्यातही खालच्या स्वराचा मोठा आवाज वरच्या स्वरांना अधिक सहज झाकतो. उलट तितकेसे घडत नाही. स्वयंपाकघरात मिक्सर चालू असताना कुकरच्या शिट्ट्या मोजून पाहा, म्हणजे आच्छादन काय असते ते पटेल.

विज्ञानाने यावर एक सुंदर उपाय शोधला आहे. १९७८ साली झुरिकहून बोस्टनला जाताना अमर बोस या भारतीय वंशाच्या अमेरिकन प्राध्यापकांना विमानात दिलेल्या श्रवणयंत्रातून संगीत नीट ऐकू येईना. तेथेच त्यांनी गोंगाटाला गोंगाटानेच मारण्याचे गणित मांडण्यास सुरुवात केली. बाहेरचा आवाज सूक्ष्म ध्वनिग्राहकाने टिपायचा आणि त्याच्या बरोबर उलट्या कलेची लहर कानाशी सोडायची. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात बसतो आणि दोन्ही विरून जातात. ही युक्ती खालच्या स्वरांना चांगली लागू पडते. कारण १०० कंपनांच्या ध्वनीची लहर सुमारे ३.४ मीटर लांब असते, तर ३४०० कंपनांची अवघी १० सेंटिमीटर. लांब लहरीशी उलट लहर जुळवणे सोपे. १९८९ साली त्यांच्या कंपनीने वैमानिकांसाठी असे श्रवणयंत्र बाजारात आणले. गंमत पाहा, संगीत ऐकता यावे या इच्छेतून निघालेल्या शोधाने वैमानिकाला संगीतापेक्षा अधिक मोलाची गोष्ट दिली – ती म्हणजे शांतता.

ऐकू येणे निराळे, लक्ष जाणे निराळे

‘गाणे अगदी हळू लावू, मग तर झाले?’ असे कोणी म्हणेल. येथे भौतिकीचे काम संपते आणि मानसशास्त्राचे सुरू होते.

१९५३ साली कॉलिन चेरी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाच्या एका कानात एक मजकूर व दुसऱ्या कानात दुसरा ऐकवायचा, आणि पहिला मजकूर लगोलग मोठ्याने म्हणायला लावायचे. लोकांना हे छान जमले. पण दुसऱ्या कानात काय चालले होते, असे विचारताच ते गप्प! मधेच इंग्रजीऐवजी जर्मन भाषा सुरू झाली, तरीही त्यांच्या ते ध्यानात आले नव्हते. ध्वनी कानावर आदळत होता, कर्णपटल थरथरत होते, पण मनाचे दार बंद होते.

हे दार बंद राहिले तर आकाशात काय घडते, याचे एक दुःखद उदाहरण आहे. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री ईस्टर्न एअरलाइन्सचे ४०१ क्रमांकाचे विमान अमेरिकेत मायामीला उतरत होते. पुढचे चाक खाली आल्याची खूण करणारा हिरवा दिवा लागेना. वैमानिकांनी विमान २००० फुटांवर स्वयंचालकाकडे सोपवले आणि सारे त्या दिव्याच्या मागे लागले. अशात स्वयंचालकाची उंची राखण्याची क्रिया नकळत सुटली. विमान हळूहळू खाली येऊ लागताच इशारा वाजला. तो इशारा म्हणजे पाश्चात्त्य संगीतातील एक मधुर स्वरमेळ होता, अर्धा सेकंद वाजणारा. विमानातील ध्वनिमुद्रकावर तो स्पष्ट नोंदला गेला आहे. परंतु त्याविषयी कोणीही एक अक्षर काढले नाही. विमान दलदलीत कोसळले आणि १०१ माणसे मृत्यू पावली. दिव्याचा बल्ब तेवढा जळालेला होता.

येथे कोणी गाणी ऐकत नव्हते हे खरे. पण लक्षाची थैली किती लहान असते, हे यावरून दिसते. एका वस्तूने ती भरली की दुसरीला जागा नसते.

नियम कसा आला?

११ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील शार्लट येथे धुक्यात उतरणारे एक विमान धावपट्टीपूर्वीच जमिनीवर आदळले. सत्तरांहून अधिक लोक दगावले. खाली येत असताना दोन्ही वैमानिक कामाशी संबंध नसलेल्या गप्पा मारत होते, असे चौकशीत निघाले. अशा अपघातांनंतर १९८१ साली अमेरिकेने नियम केला, की १०,००० फुटांच्या खाली आणि उड्डाण व अवतरणाच्या काळात वैमानिकांनी कामाखेरीज बोलू नये, काही करू नये.

या काळावरच एवढा कटाक्ष का? उतरताना विमानाचा वेग ताशी २६० किलोमीटर धरा, म्हणजे सेकंदाला सुमारे ७२ मीटर. नेहमीचा उताराचा कोन ३ अंशांचा. वैमानिकाचे लक्ष तीन सेकंद ढळले, तर विमान २१६ मीटर पुढे आणि ११ मीटर खाली येते. ११ मीटर म्हणजे तीन मजली इमारत!

वर, उंचावरही अगदी निर्धास्त राहता येत नाही. २१ ऑक्टोबर २००९ रोजी मिनिआपोलिसला निघालेले एक अमेरिकन विमान ते शहर ओलांडून शंभराहून अधिक मैल पुढे गेले. दोन्ही वैमानिक आपल्या लॅपटॉपवर गढून गेले होते. तासाहून अधिक काळ नियंत्रकाशी त्यांचा संपर्क नव्हता. सर्व सुखरूप उतरले, पण २०१४ पासून तेथील प्रवासी विमानांच्या वैमानिकांना काम चालू असताना खासगी कामासाठी फोन व लॅपटॉप वापरण्यास मनाई झाली.

कंटाळ्याचे काय?

तरीही दुसऱ्या बाजूचा विचार केला पाहिजे. रात्र, एकसारखी घरघर, समोर काळोख. अशा वेळी झोप हाच मोठा शत्रू असतो. १९२७ साली चार्ल्स लिंडबर्गने साडेतेहतीस तासांत एकट्याने अटलांटिक ओलांडला, तेव्हा त्याला वादळापेक्षा झोपेशी अधिक झुंजावे लागले. लहान विमानातून एकटा जाणारा हौशी वैमानिक म्हणेल, की गाण्याने मी जागा राहतो. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. अशांसाठी आता रेडिओवर आवाज येताच गाणे आपोआप दबवणारी श्रवणयंत्रे निघाली आहेत.

परंतु गाणे कंटाळा घालवते, थकवा घालवत नाही. थकव्यावर औषध एकच, झोप. अमेरिकेच्या नासा संस्थेने १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लांबच्या उड्डाणांवरील वैमानिकांना पाळीपाळीने ४० मिनिटे विश्रांती दिली होती. त्यांना सरासरी २६ मिनिटे झोप लागली आणि नंतरची त्यांची दक्षता सुधारलेली आढळली. काही देशांत अशी विश्रांती नियमाने मान्य आहे. अर्थात दुसरा वैमानिक पूर्ण जागा असला पाहिजे!

तेव्हा उत्तर असे: शेकडो प्रवाशांचा भार असलेल्या वैमानिकाने कामावर असताना गाणी ऐकू नयेत. लहान विमानातील हौशी वैमानिकाने, हवा स्वच्छ असताना, उंचावर, आवाज दबवणारे यंत्र लावून, हळू आवाजात ऐकली तर फारसे बिघडत नाही. उतरण्याची वेळ आली की मात्र गाणे बंद.

करून पाहा

एका मित्राला तुमच्या उजव्या कानाशी वर्तमानपत्र वाचायला सांगा आणि दुसऱ्याला त्याच वेळी डाव्या कानाशी आकडे म्हणू द्या. तुम्ही बातमी मोठ्याने म्हणत जा. दोन मिनिटांनी डावीकडचे किती आकडे आठवतात ते लिहा. मग हाच प्रयोग ओळखीचे गाणे लावून व अनोळखी गाणे लावून करा आणि तिन्ही वेळचे आकडे ताडून पाहा. कानांत गाणे घालून रेल्वेचे रूळ ओलांडणारा एखादा तुमच्या ओळखीचा असेल, तर त्यालाही या प्रयोगाला अवश्य बसवा. गाडीच्या भोंग्याने त्याची परीक्षा घेण्यापेक्षा ती आपण घेतलेली बरी.