प्रोग्राम उघडणे सोपे, बंद करणे जोखमीचे

संध्याकाळी कार्यालय बंद करण्याच्या घाईत हिशेबाचा प्रोग्राम उघडाच राहतो. रात्री नऊ वाजता संगणक दिवसभराच्या नोंदींची दुसरी प्रत, म्हणजेच बॅकअप, काढू लागतो. परंतु हिशेबाची फाइल वापरात असल्याने ती वगळली जाते किंवा अर्धवट उतरते. पुढे कधी तरी हार्ड डिस्क बिघडते, जुनी प्रत शोधण्याची वेळ येते आणि मग हा प्रकार उघडकीस येतो. छोट्या दुकानापासून सनदी लेखापालाच्या कार्यालयापर्यंत कोठेही घडू शकणारी ही गोष्ट. त्यावरील उपाय संगणकातच असतो आणि त्यासाठी वेगळे पैसेही मोजावे लागत नाहीत. प्रोग्राम रोज ठरलेल्या वेळी सुरू करणे आणि ठरलेल्या वेळी बंद करणे, ही दोन्ही कामे संगणकावर सोपवता येतात. मात्र त्यातले दुसरे काम दिसते तितके सरळ नाही.

मुळात ही कल्पना जुनीच आहे. अमेरिकेतील बेल लॅब्जमधून १९७९ मध्ये बाहेर पडलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ‘क्रॉन’ नावाचा प्रोग्राम होता. दर मिनिटाला जागे व्हायचे, कामांची यादी पाहायची, ज्याची वेळ झाली असेल ते काम सुरू करायचे आणि पुन्हा झोपी जायचे, एवढेच त्याचे काम. त्याचे वंशज लिनक्सवर आजही नांदत आहेत. विंडोजमध्ये हेच काम ‘टास्क शेड्युलर’ करतो. विंडोज ९५ च्या काळात वेगळ्या विकल्या जाणाऱ्या ‘प्लस’ या संचातील ‘सिस्टिम एजंट’ हा त्याचा पूर्वज.

स्टार्ट मेन्यूत ‘टास्क शेड्युलर’ असे शोधले की तो सापडतो. ‘क्रिएट टास्क’ निवडून ‘ट्रिगर्स’मध्ये ‘डेली’ व वेळ द्यायची आणि ‘ॲक्शन्स’मध्ये प्रोग्राम दाखवून द्यायचा, की सकाळी सव्वानऊला तो आपोआप उघडतो. येथे दोन चुका हमखास होतात. ‘स्टार्ट इन’ हा रकाना रिकामा ठेवला जातो. मग काही प्रोग्राम आपल्या फाइली भलत्याच फोल्डरमध्ये शोधत बसतात. दुसरे म्हणजे, वापरकर्ता लॉगिन असो वा नसो, काम चालवावे, असा पर्याय निवडला जातो. त्यात काम सुरू होते, पण पडद्यामागे. खिडकी कोणालाच दिसत नाही. समोर बसून वापरायच्या प्रोग्रामसाठी ‘लॉगिन असतानाच’ हा पर्याय ठेवणे योग्य.

आता बंद करण्याविषयी. ‘ठरावीक तासांपेक्षा अधिक वेळ चालल्यास काम थांबवा’ अशी सोय टास्क शेड्युलरमध्ये आहे. तेथे मुळात तीन दिवसांची मुदत दिलेली असते. ती आठ किंवा बारा तासांवर आणता येते. मात्र शेड्युलरने स्वतः सुरू केलेल्या कामालाच ही मुदत लागू होते. कर्मचाऱ्याने दुपारी हाताने उघडलेला प्रोग्राम तिच्या कक्षेत येत नाही. त्यासाठी ‘टास्ककिल’ ही आज्ञा देणारे दुसरे काम लावावे लागते. तेही त्याच लॉगिनमध्ये चालू द्यावे.

ही आज्ञा दोन प्रकारे देता येते. साध्या रूपात ती प्रोग्रामला बंद होण्याची विनंती करते. खिडकीच्या कोपऱ्यातील फुलीवर क्लिक करावे, तसेच. नोंद जतन केलेली नसेल तर प्रोग्राम ‘सेव्ह करायचे का?’ असे विचारतो आणि उत्तर द्यायला कोणी नसल्याने सकाळपर्यंत वाट पाहत राहतो. फाइल उघडीच, बॅकअप पुन्हा फसलेला! आज्ञेला ‘एफ’ हा पर्याय जोडला की विचारणा होत नाही, प्रोग्राम तत्काळ संपवला जातो. जतन न केलेली नोंद त्याबरोबर जाते. त्याच क्षणी फाइलमध्ये काही लिहिले जात असेल तर फाइलही बिघडू शकते. लिनक्समधील ‘टर्म’ आणि ‘किल’ या दोन संकेतांत हाच भेद आहे. गाणी वाजवणाऱ्या किंवा हवामान दाखवणाऱ्या प्रोग्रामला सक्तीने संपवले तर फारसे बिघडत नाही. हिशेबाच्या, रुग्णनोंदींच्या प्रोग्रामवर मात्र हा पर्याय वापरू नये.

अशा ठिकाणी घड्याळावर सगळा भार न टाकणे श्रेयस्कर. साडेआठला विनंती, नऊला बॅकअप अशी दोन स्वतंत्र कामे लावण्याऐवजी एकाच छोट्या बॅच फाइलमध्ये क्रम लिहावा: आधी विनंती, पाच मिनिटे प्रतीक्षा, मग प्रोग्राम खरोखर बंद झाला का याची तपासणी. बंद असेल तरच प्रत काढावी. नसेल तर सकाळी येणाऱ्याच्या नजरेस पडेल अशी सूचना डेस्कटॉपवर ठेवावी. एका दिवसाची प्रत चुकली, हे दुसऱ्याच दिवशी समजणे परवडते.

वीज गेली तर? लॅपटॉप बॅटरीवर असेल तर काम सुरू करू नये आणि सुरू असलेले थांबवावे, असे टास्क शेड्युलरने गृहीत धरलेले असते. भारनियमनाच्या भागात ‘कंडिशन्स’मधील या दोन्ही खुणा काढून टाकाव्यात. संगणक बंद असताना वेळ टळून गेली तर ते काम आपसूक होत नाही. ‘वेळ चुकल्यास शक्य तितक्या लवकर चालवा’ ही खूण ‘सेटिंग्ज’मध्ये स्वतंत्रपणे करावी लागते. बॅकअपसाठी ती उपयोगी. पण प्रोग्राम बंद करणाऱ्या कामाला ती लावली, तर सकाळी संगणक सुरू होताच नुकताच उघडलेला प्रोग्राम डोळ्यांदेखत मिटतो आणि दोष व्हायरसला दिला जातो.

सुट्ट्यांचे गणित निराळेच. दिवाळी शेड्युलरला कळत नाही. बँकांना सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सुट्टी असते. तेच वेळापत्रक पाळणाऱ्या कार्यालयाला विंडोजमध्ये ‘मंथली’ प्रकारात नेमके शनिवार निवडता येतात. क्रॉनमध्ये ते सरळ जमत नाही. तेथे ८ ते १४ तारखा आणि शनिवार असे दोन्ही लिहिले, तर दुसरा शनिवार मिळण्याऐवजी त्या सातही तारखांना आणि शिवाय प्रत्येक शनिवारी काम चालते.